धानाचे घरचे बियाणे व जनुक-परिवर्तित पिके

गोंदिया जिल्ह्याच्या सालेकसा तालुक्यात, छत्तीसगडच्या सीमेलगत कचारगडचा डोंगर आहे. त्यातील विशाल नैसर्गिक गुहा हे गोंड समाजाचे श्रद्धास्थान असून माघ पौर्णिमेच्या सुमारास तेथे भरणाऱ्या यात्रेस अनेक राज्यांतून भाविक येतात. पारी कुपार लिंगो यांनी गोत्रव्यवस्था घालून दिली आणि प्रत्येक गोत्राकडे ठरावीक झाड, प्राणी व पक्षी यांच्या रक्षणाचे काम सोपविले, अशी या समाजाची धारणा आहे. यात्रेकरू धनेगावच्या वाटेने डोंगराकडे निघतात, त्या वेळी वाटेच्या दुतर्फा असलेल्या बहुतेक बांध्या कापून रिकाम्या झालेल्या असतात. मळणी उरकून धान घरात आलेले असते आणि पुढील मृगाचे बियाणे ढोलीत निजलेले असते. या ढोलीतील बियाण्याविषयी चार गोष्टी येथे सांगावयाच्या आहेत.

या पायथ्याच्या एका गावी अडीच एकरांत सेंद्रिय पद्धतीने धान करणारे एक कुटुंब आहे. उंचावरच्या हलक्या बांधीत लवकर येणारे धान, मधल्या बांधीत एचएमटी आणि तळाच्या मोरांड जमिनीत जुने भारी वाण, अशी त्यांची मांडणी आहे. रासायनिक खत नाही, कीटकनाशकाची फवारणी नाही, आणि बियाणे बाजारातून आणणे नाही. घरातील वृद्ध आजी दरवर्षी लोंब्या निवडून बी राखतात. शेजारच्या शेतकऱ्याने संकरित धान लावले, आणि त्याच सुमारास ‘जीएम’ धान येणार असल्याची बोलवा गावात उठली, तेव्हा त्यांनी प्रस्तुत लेखकास विचारले, “सायेब, बाजूच्या बांधीतला धान फुलला तर माझा धान बाटते का जी?”

प्रश्न साधा दिसतो, पण त्याच्या उत्तरावर त्या घराचे पुष्कळ काही अवलंबून आहे. हे कुटुंब सहभागिता हमी पद्धतीच्या, म्हणजेच पीजीएसच्या, शेतकरी गटात आहे. सेंद्रिय प्रमाणीकरणाच्या नियमांत जनुक-परिवर्तित बियाण्यास मुळीच थारा नाही. बी अशुद्ध झाले तर प्रमाणपत्राला बाध येईल, तांदळाला मिळणारा चांगला भाव जाईल, आणि दरवर्षी पाकीट विकत घेण्याची वेळ येईल. अडीच एकरांच्या शेतीला हा खर्च लहान नव्हे.

प्रथम धान फुलते कसे, ते पाहू. धानाच्या एकाच फुलात पुंकेसर व स्त्रीकेसर दोन्ही असतात. सकाळी ऊन चढू लागले की फूल उघडते, तासाभरात मिटते, आणि बहुधा उघडता उघडताच त्याचे परागीकरण त्याच फुलातील परागांनी होऊन जाते. परक्या परागाने फलधारणा होण्याचे प्रमाण धानात सामान्यतः शेकडा एकाहूनही कमी असते, आणि अंतर वाढेल तसे ते झपाट्याने घटते. याच कारणास्तव प्रमाणित बीजोत्पादनाच्या नियमांत धानाच्या दोन वाणांमध्ये केवळ ३ मीटर अंतर पुरेसे मानले आहे. मक्याची गोष्ट निराळी. त्याचा पराग वाऱ्यावर दूर जातो, म्हणून तेथे शेकडो मीटरांचे विलगीकरण लागते. तेव्हा आजींच्या प्रश्नाचे उत्तर असे की, फुलोऱ्याच्या वाटेने धान बाटण्याची भीती थोडी आहे. ती शून्य नाही, पण आवरता येण्याजोगी आहे.

खरी भेसळ दुसऱ्याच वाटांनी होते, आणि त्यांकडे आपले लक्ष नसते. मळणीयंत्र वा कापणीयंत्र एका शेतातून दुसऱ्या शेतात जाते, तेव्हा त्याच्या पोटात आधीच्या शेतातील धान शिल्लक असते. मागील हंगामात बांधीत गळलेले दाणे पुढच्या वर्षी आपोआप उगवतात. वरच्या बांधीचे पाणी खालच्या बांधीत सोडताना त्यासोबत बीही वाहून येते. खळे झाडून न घेता दुसऱ्या वाणाची मळणी केली जाते, आणि पोत्यांची अदलाबदल होते. परागाने शंभरात एखादा दाणा बिघडत असेल, तर यंत्राने व पोत्याने मूठभर बिघडतात. एखाद्या घरचे बियाणे ‘फिरले’ अशी तक्रार येते, तेव्हा ग्रामपातळीवरील कार्यकर्त्यांनी आधी खळे व पोती तपासावीत, असे आम्ही सुचवू.

आता जनुक-परिवर्तित पिकांविषयी. एका जीवातील जनुक प्रयोगशाळेत काढून दुसऱ्या जीवाच्या पेशीत बसवितात व त्यापासून नवे वाण तयार करतात. यालाच जीएम म्हणतात. आपल्या देशात व्यापारी लागवडीखाली असलेले असे पीक एकच आहे, ते म्हणजे मार्च २००२ मध्ये मान्यता मिळालेला बीटी कापूस. बीटी वांग्यास ९ फेब्रुवारी २०१० रोजी केंद्र शासनाने स्थगिती दिली. राईच्या डीएमएच-११ या संकरित वाणाच्या पर्यावरणीय विमोचनाची शिफारस ऑक्टोबर २०२२ मध्ये झाली. पुढे २३ जुलै २०२४ रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या दोन न्यायमूर्तींनी त्यासंबंधी परस्परभिन्न निकाल दिले. जीएम धानास लागवडीची परवानगी मिळालेली नाही. म्हणून ‘जीएम धान’ या नावाने कोणी बी विकावयास आणले, तर ते घेऊ नये व तालुका कृषी अधिकाऱ्यास कळवावे. बाजारात मिळणारे संकरित धान हे जीएम नव्हे. दोन वाणांचा संकर करून ते तयार होते. गावात हे दोन शब्द एकाच अर्थाने वापरले जातात, त्यामुळे भलताच गोंधळ होतो.

धान पिकविणाऱ्यास कापसाचे काय, असे कोणी म्हणेल. परंतु आपल्याच विदर्भाच्या पश्चिम भागात या प्रश्नाचा वीस वर्षांहून अधिक अनुभव जमा झालेला आहे, आणि तो धानाच्या शेतकऱ्यासही उपयोगी आहे. बीटी कापूस आला तेव्हा अमेरिकन बोंडअळीपासून मोठा दिलासा मिळाला व फवारण्या कमी झाल्या, हे नाकारण्यात अर्थ नाही. पुढे गुलाबी बोंडअळीने त्या विषास दाद देणे सोडले. २०१७ च्या हंगामात महाराष्ट्रात तिने केलेले नुकसान सर्वांस ठाऊक आहे. अळीत प्रतिकारशक्ती लवकर येऊ नये म्हणून शेताच्या कडेने बिगर-बीटी कपाशीचा आश्रयपट्टा लावावा, असा नियम होता. तो फार थोड्यांनी पाळला.

बियाण्याच्या दृष्टीने मात्र त्याहून महत्त्वाची गोष्ट अशी की, आपल्याकडे बीटी कापूस जवळजवळ सर्वस्वी संकरित रूपात विकला गेला. संकरित पिकाचे बी पुन्हा पेरले तर दुसऱ्या पिढीत झाडे उंच-ठेंगणी, लवकर-उशिरा अशी फुटून निघतात. शेतकऱ्याचे घरचे बी सुटले ते मुख्यतः संकरामुळे. बीटी जनुकामुळे नव्हे. पुन्हा पेरता येईल असे सरळ वाणाचे बीटी बियाणे काढण्याचा प्रयत्न नागपूरच्या केंद्रीय कापूस संशोधन संस्थेने धारवाडच्या कृषी विद्यापीठासमवेत केला होता. ‘बिकानेरी नरमा बीटी’ या वाणास २००८ मध्ये मान्यता मिळाली, २००९ मध्ये ते शेतकऱ्यांच्या हाती गेले, आणि त्यात दुसऱ्याच स्रोतातील जनुकाची भेसळ आढळून आल्यामुळे त्याचे बीजोत्पादन थांबवावे लागले. सुसज्ज संशोधन संस्थांतही बियाण्याची शुद्धता अशी निसटू शकते. मग आपल्या खळ्यावर किती सावध राहावे लागेल, याचा विचार वाचकांनीच करावा.

‘पेरले तरी उगवणारच नाही असे वांझ बी कंपन्या विकतात’, असेही ऐकू येते. अशा तंत्रावर १९९८ मध्ये अमेरिकेत पेटंट दिले गेले होते, हे खरे. पण त्या तंत्राचे बी कोठेही विक्रीस आले नाही, आणि आपल्या कायद्यानुसार तशा वाणाची नोंदणीच होऊ शकत नाही. खोट्या भीतीने खऱ्या प्रश्नाकडे दुर्लक्ष होते, म्हणून ही अफवा कार्यकर्त्यांनी खोडून काढणे इष्ट आहे.

धानाच्या बाबतीत नवा विषय आहे तो जनुक-संपादनाचा. ४ मे २०२५ रोजी भारतीय कृषी संशोधन परिषदेची दोन जनुक-संपादित धान वाणे जाहीर झाली. ‘डीआरआर धान १००’ अर्थात ‘कमला’ हे सांबा मसुरीपासून तयार केले आहे, तर ‘पुसा डीएसटी राइस १’ हे एमटीयू १०१० पासून. १०१० हे नाव आपल्या जिल्ह्यातील शेतकऱ्यास निराळे सांगावयास नको. पहिले वाण लवकर तयार होणारे व अधिक उत्पादन देणारे, तर दुसरे पाण्याचा ताण व खारेपणा सोसणारे असल्याचे शासकीय घोषणेत म्हटले आहे. यांत बाहेरचे जनुक घातलेले नसून धानाच्याच जनुकात सूक्ष्म बदल केलेला आहे. अशा प्रकारच्या काही संपादित वाणांना २०२२ मध्ये जीएमच्या कडक नियमांतून सूट देण्यात आली. ही वाणे संकरित नसल्यामुळे त्यांचे बी राखणे निसर्गतः शक्य आहे, हा त्यांचा गुण मानावयास हवा. परंतु डोळ्यांनी पाहून ती मूळ वाणापासून ओळखू येतीलच असे नाही. म्हणून सेंद्रिय शेतकऱ्याने १०१० किंवा सांबा मसुरीचे बी घेताना पिशवीवरील वाणाचे पूर्ण नाव वाचावे, पावती व खूणचिठ्ठी जपून ठेवावी, आणि शंका असल्यास आपल्या प्रमाणीकरण गटाकडे लेखी विचारणा करावी.

तणनाशक सोसणाऱ्या धानाविषयी आमचे मत जरा निराळे आहे. ‘पुसा बासमती १९७९’ व ‘१९८५’ ही वाणे इमाझेथापायर हे तणनाशक सोसतात. ती जीएम नाहीत. उत्परिवर्तनातून मिळालेला गुण त्यांत आणला आहे. पेरभातात निंदणीचा खर्च वाचविण्यासाठी ती काढली आहेत, आणि मजुरांची टंचाई पाहता तो हेतू समजण्याजोगा आहे. परंतु आपला हा सारा पट्टा रानधानाचा आहे. बांधीत धानासारखेच उगवणारे आणि पिकण्याआधीच दाणे गाळणारे रानधान, ज्याला छत्तीसगडात करगा म्हणतात, ते धानाचे सख्खे नातलग आहे. संकर क्वचितच होत असला तरी एकदा तो गुण रानधानात शिरला की तेच तणनाशक त्याला मारणार नाही, आणि दरवर्षी तेच औषध मारणाऱ्या शेतात असे तण निवडून वाढत जाईल. येथे भेसळीची भीती शंभरात एका दाण्याची असली तरी ती हलकी समजू नये. जेथे रानधान आहे तेथे अशा वाणांची घाई करू नये, असे आम्हांस वाटते.

कायद्याने शेतकऱ्यास काय दिले आहे, तेही ठाऊक असावे. पीक वाण संरक्षण व शेतकरी हक्क अधिनियम, २००१ च्या कलम ३९ अन्वये संरक्षित वाणाचेदेखील बी राखणे, पेरणे, पुन्हा पेरणे, देवघेव करणे, वाटून घेणे व विकणे हा शेतकऱ्याचा हक्क आहे. अट एकच : असे बी कंपनीच्या नावाने, ब्रँडच्या पिशवीत घालून विकता येत नाही. गुजरातेत पेप्सिको कंपनीने बटाट्याच्या एका वाणावरून काही शेतकऱ्यांवर दावे लावले होते. ते मे २०१९ मध्ये मागे घेण्यात आले. शेतकऱ्याने स्वतः जोपासलेल्या वाणाची नोंदणीही याच कायद्याखाली करता येते व त्यासाठी शुल्क पडत नाही.

ही तरतूद केवळ कागदावरची वाटू नये, म्हणून आपल्या शेजारच्या जिल्ह्यातील एक उदाहरण पुरेसे आहे. चंद्रपूर जिल्ह्याच्या नागभीड तालुक्यातील नांदेड या गावचे दादाजी रामाजी खोब्रागडे हे अल्पभूधारक शेतकरी होते. शिक्षण प्राथमिक शाळेपुरतेच. १९८३ च्या हंगामात पटेल-३ या वाणाच्या बांधीत त्यांना काही निराळ्या लोंब्या दिसल्या. दुसरा कोणी त्या बाकीच्या धानात मिसळून टाकता. त्यांनी त्या वेगळ्या काढल्या, वेगळ्या पेरल्या आणि वर्षानुवर्षे निवड करीत बारीक दाण्याचे, खाण्यास गोड असे वाण सिद्ध केले. व्यापाऱ्यांना नाव हवे होते. त्या काळी एचएमटीची घड्याळे लोकप्रिय होती, म्हणून धानालाही तेच नाव पडले. आजही पुष्कळांना एचएमटी हे एखाद्या कंपनीचे वाण वाटते! पुढे कृषी विद्यापीठाने शुद्ध केलेले ‘पीकेव्ही एचएमटी’ प्रसृत झाले आणि मूळ निवड करणाऱ्याचे नाव बराच काळ मागेच राहिले. २००५ मध्ये राष्ट्रीय नवप्रवर्तन प्रतिष्ठानचा पुरस्कार त्यांना राष्ट्रपती डॉ. कलाम यांच्या हस्ते मिळाला. एचएमटीनंतरही त्यांनी नांदेड ९२, नांदेड हिरा, विजय नांदेड, डीआरके अशी वाणे निवडली. ३ जून २०१८ रोजी ते निवर्तले. त्यांनी जे केले, त्यास लागणारी सामग्री म्हणजे थोडी जमीन, पारखी नजर आणि धीर. आजींच्या बांधीत पिकणारे एचएमटी हे त्यांच्याच लोंब्यांचे वंशज आहे.

त्याहून जुनी ठेव सीमेपलीकडे रायपूरला आहे. धान-शास्त्रज्ञ डॉ. आर. एच. रिछारिया यांच्या पुढाकाराने मध्य भारतातील गावोगावची सुमारे १९,००० धान-नमुन्यांची बियाणे तेथे गोळा झाली व ती इंदिरा गांधी कृषी विश्वविद्यालयात जतन केली आहेत. २००२ मध्ये सिंजेंटा या कंपनीशी या संग्रहाबाबत करार होऊ घातला होता. लोकांच्या विरोधामुळे तो त्याच वर्षी रद्द झाला. असे भांडार मोलाचेच, पण तेथील बी शीतगृहात झोपलेले असते. यंदाच्या पावसाची ओढ, यंदाची गादमाशी त्याने पाहिलेली नसते. शेतात दरवर्षी पिकणारे बी मात्र ते सर्व पाहत असते. म्हणून भांडारही हवे व ढोलीही हवी.

आता बी राखण्याच्या पद्धतीकडे वळू. अडीच एकरांच्या रोवणीस एकरी १५ ते २० किलो धरून ४० ते ५० किलो बियाणे पुरते. एकरी १२ क्विंटल उतारा धरला तर एका गुंठ्यात ३० किलो धान होते. अर्थात एकाच वाणाचे शेत असेल, तर तीन गुंठ्यांची बियाण्याची बांधी पुरून उरते. दोन-तीन वाणे असतील तर प्रत्येकासाठी गुंठा-दीड गुंठा पुरे. ही बांधी शेताच्या मध्यभागी असावी, शेजाऱ्याच्या बांधाला लागून नसावी, आणि तिच्यात मागील वर्षी दुसरे वाण घेतलेले नसावे. वरच्या बांधीचे पाणी तिच्यात सोडू नये. शेजारी संकरित धान असेल तर कडेच्या तीन-चार मीटरमधील धान खाण्यासाठी काढावे, बियाण्यासाठी नव्हे.

भेसळ काढण्याचे काम एका दिवसाचे नाही. फुटव्यांच्या वेळी रंगाने व उंचीने वेगळी दिसणारी झाडे उपटावीत. फुलोऱ्यात लवकर वा उशिरा निसवणारी काढावीत. दाणे भरल्यावर टोकांवरील कुसळ व दाण्याचा आकार पाहून पुन्हा एकदा फेरी घालावी. रानधान फुलोऱ्याआधीच काढले तर उत्तम. हा नाजूक तपास या भागात बहुधा घरच्या स्त्रियाच करतात आणि तो त्यांना चांगला साधतो. आमच्या प्रशिक्षण वर्गांना मात्र बहुतेक पुरुषच येतात. कार्यकर्त्यांनी ही उणीव भरून काढावी.

कापणीपूर्वी निरोगी झाडांच्या मुख्य फुटव्यावरील भरदार अशा दोन-तीनशे लोंब्या हाताने खुडून वेगळ्या बांधाव्यात. पुढील वर्षीच्या बियाण्याच्या बांधीसाठी हेच मूळ बी. बाकीच्या बियाण्याची मळणी यंत्राने न करता फळीवर झोडपून करावी. यंत्राखेरीज इलाज नसेल, तर आधी ते रिकामे चालवावे आणि त्यातून निघालेले पहिले पोते खाण्यास ठेवावे. धान उन्हात वाळवून ओलावा १३ टक्क्यांच्या आत आणावा. दाणा दाताखाली कट्कन फुटला पाहिजे, दबला तर पुन्हा ऊन द्यावे. ढोली शेणमातीने लिंपून सुकवावी, जमिनीपासून उचलून ठेवावी, आणि वाणाचे नाव व साल लिहिलेली चिठ्ठी एक आत व एक बाहेर लावावी. चिठ्ठी नसल्यामुळे किती वाणे नाव हरवून बसली, याची गणती नाही.

एका वाणाचे बी गटातील निदान तीन घरी असावे. एका घरी उंदीर, आग किंवा आजारपण आले तरी वाण वाचते. कचारगडची यात्रा मळणीनंतर व पेरणीच्या कितीतरी आधी येते. यात्रा समितीच्या संमतीने, धार्मिक विधींना अडथळा न होईल अशा ठिकाणी, परिसरातील गटांनी आपल्या वाणांच्या लोंब्या नावासह मांडल्या आणि पसा-दोन पसे बियाण्याची देवघेव केली, तर अनेक राज्यांतील शेतकऱ्यांची एकमेकांच्या वाणांशी सहज ओळख होईल. ग्रामपातळीवरील कार्यकर्त्यांनी हा विषय पौषातच गटांपुढे ठेवावा.

मे महिन्यात ढोली उघडून उगवण तपासावी. न निवडता घेतलेले १०० दाणे ओल्या गोणपाटावर ओळीने मांडून गुंडाळावेत, गोणपाट ओलसर ठेवावे व आठवड्याने कोंब मोजावेत. ८० वा अधिक उगवले तर बी उत्तम. ६० ते ८० आले तर त्या प्रमाणात बी वाढवून पऱ्हे टाकावेत. पेरणीपूर्वी १० लिटर पाण्यात ३०० ग्रॅम मीठ विरघळवून त्यात बी ढवळावे, वर तरंगणारे पोचट व रोगट दाणे काढून टाकावेत, आणि तळाचे बी दोन-तीन वेळा स्वच्छ पाण्याने धुऊन सावलीत सुकवावे. ६० पेक्षा कमी उगवले, तर ते धान कुटून खावे आणि गटातील दुसऱ्या ढोलीतून त्याच वाणाचे बी मागून आणावे. ही चौकशी मृग लागण्याच्या पंधरा दिवस आधी झाली पाहिजे. त्यानंतर उरते ते दुकानातील पाकीटच.